एकाच घरातले दोन अर्ज

१४ जुलै

बारावीच्या अभ्यासाची ही वही निम्मी कोरी राहिली होती. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा दिली, त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून वही पेटीत पडून. आज काढली, कारण आज लिहिण्यासारखं काहीतरी घडलं.

अंगणवाडीच्या लक्ष्मीबाई निवृत्त झाल्या. दुपारी त्या आमच्या ओसरीवर येऊन टेकल्या अन् पदरानं घाम पुसत म्हणाल्या, "ज्ञानेश्वरी, मपल्या जागेची जाहिरात निघाली बघ. गावातलीच बाई पायजे, बारावी झालेली पायजे अन् पस्तिशीच्या आतली पायजे. तू तिन्हीत बसतीस."

मी चौतीस वर्षांची. डिसेंबरात पस्तीस भरतील. म्हणजे हीच पहिली जागा अन् हीच शेवटची.

लग्न झालं त्या दिवाळीपासून ऊसतोडीचा कोयता धरलाय. सोळा वर्षं. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यामुळं वैजीनाथ जातील तिथं मला जावंच लागतं. लेक राजेश्रीही बरोबर. तिची दरवर्षी अर्धी शाळा बुडते. यंदा ती सातवीत आहे. अंगणवाडी लागली तर मी गावातच राहीन अन् पोरगी शाळेत.

लक्ष्मीबाई गेल्यावर भाकऱ्या टाकल्या. दोन करपल्या. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "ध्यान कुठं हाय तुझं?" सांगितलं नाही.

१६ जुलै

अर्ज मोबाइलवर भरायचा होता. मला ते जमत नाही. अपेक्षानं भरून दिला.

अपेक्षा म्हणजे माझी धाकटी जाऊ, हरिओमची बायको. देवगाव फाट्याची. बी.ए. झालेली, चोवीस वर्षांची. हरिओम पुण्याला कंपनीत आहे. ती त्याच्याकडं गेली होती, चार महिने राहिली, होळीला आली ती परत गेलीच नाही. का ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिथं स्वतःची भांडी स्वतः घासावी लागत असतील.

अर्ज भरता भरता हरिओमचा तीनदा फोन आला, तोंड दिसतं तसला. शेजारी कोण बसलंय दाखव म्हणाला. तिनं मला दाखवलं, आत्याबाईंना दाखवलं, मग उठून ओसरी दाखवली, बाहेरचं दारसुद्धा दाखवलं. किती तो जीव! आमचे हे आठवड्यातून एकदा नावानं हाक मारत नाहीत. 'जेवलीस का' असं सोळा वर्षांत चार वेळा विचारलं असेल, त्यातलं एकदा मी बाळंतीण होते.

नशीब एकेकीचं.

२ ऑगस्ट

पेन एवढं दाबून लिहायलेय की पान फाटायला आलंय.

पाणी भरायला गेले तर लक्ष्मीबाई भेटल्या. म्हणाल्या, "तुमच्या घरातले दोन अर्ज हायेत म्हन."

मी म्हणाले, "दोन कसे? एकच."

"दुसरा तुझ्या जावंचा."

हंडा तिथंच ठेवला अन् घरी आले. अपेक्षा राजेश्रीच्या वेण्या घालायली होती. मी दारातूनच विचारलं, "तू बी भरलास अर्ज?"

तिच्या हातातली वेणी सुटली. ती म्हणाली, "आत्याबाई म्हणाल्या भर म्हणून."

मी आत्याबाईंकडं बघितलं. त्यांनी आधी तिच्याकडं बघितलं, मग म्हणाल्या, "व्हय, मीच म्हनले. एकीचं न्हाई झालं तर दुसरीचं व्हईल. घरात यायला पायजे, मंग कुन्या का हातानं येईना."

कुण्या का हातानं! माझे हात कोयत्यानं घट्टे पडलेले, तिच्या हाताला नखपॉलिश. गुणांवर नंबर लागणार आहेत. मला बारावीला अठ्ठावन्न टक्के, तेही उसाच्या फडात, पाचटाच्या कोपीत रॉकेलच्या चिमणीपुढं बसून मिळवलेले. तिला एक्क्याऐंशी, वर बी.ए. माझा अर्ज भरताना तिनं माझी गुणपत्रिका हातात धरली होती. मोबाइलवर फोटो काढला तिचा. सगळं ठाऊक असून भरला.

रात्रीचं जेवण मी वेगळ्या ताटात घेऊन अंगणात जेवले.

१९ ऑगस्ट

बोलणं कामापुरतं.

राजेश्री काकूकडून इंग्रजी कविता शिकली. मला म्हणून दाखवत होती. मी म्हणाले, जा गोवऱ्या आण. ती गेली. नंतर मलाच वाईट वाटलं, पण हाक मारली नाही.

अपेक्षा नीट जेवत नाही, अर्धी भाकर ठेवून उठते. आत्याबाई म्हणतात, पोरगी वाळायली. बारीक राहायचं असेल.

हरिओमचा आज सहा वेळा फोन. एकदा तिला उचलायला उशीर झाला, ती न्हाणीत होती. ओल्या केसांनी पळत आली. मी एवढी पळाले असते का कुणासाठी? माझ्यासाठी कुणी एवढे फोन केले असते तर कदाचित पळाले असते.

९ सप्टेंबर

यादी लागली. पेडगावला जाऊन सेतू केंद्रावर नागसेनभाऊंकडून छापून आणली.

पहिली अपेक्षा. दुसरी मी. तिसरी कमलबाईंची सून, ती लय मागं.

दुसरी! म्हणजे ती नसती तर मीच. सगळ्या गावात माझ्यापुढं एकच बाई, अन् ती माझ्याच चुलीवर चहा करून पिती.

यादीच्या खाली लिहिलंय, दहा दिवसांत हरकत घेता येईल.

वैजीनाथांना दाखवली. ते म्हणाले, "बरं झालं. घरातच आलं." मी म्हणाले, "अन् मी?" ते म्हणाले, "तुजं काय? तू हायस की मपल्या संग." असं म्हणून बैलांना पाणी दाखवायला गेले. ऊसतोडीचा मुकादम परवा येऊन आमची जोडी पक्की करून गेला, हे मला त्यांनी आज सांगितलं.

१२ सप्टेंबर

लिहून ठेवते. वहीशी तरी खोटं कशाला बोलू.

मायला बघायला पिंगळीला गेले होते. तिथल्या पोस्टाच्या पेटीत पाकीट टाकलं. आत एक पान. 'यादीतील प्रथम क्रमांकाची उमेदवार गावची रहिवासी नसून पतीसोबत पुणे येथे राहते. तरी चौकशी व्हावी. एक ग्रामस्थ.' अक्षर मुद्दाम तिरकं काढलं.

पूर्ण खोटं कुठं आहे? चार महिने राहिलीच होती. अन् राहायला पाहिजेच तिनं. एवढा नवरा बोलावतो, दिवसातून सहा फोन करतो, त्याच्याजवळ जावं, सुखानं राहावं. तिचंही भलं, माझंही.

माय म्हणाली, "तोंड कामून उतरलंय?" मी म्हणाले, ऊन लागलं. आभाळ तर सकाळपासून भरलेलं होतं.

२४ सप्टेंबर

चौकशी झाली. पर्यवेक्षिका मॅडम स्कूटीवर आल्या. ओसरीवर सतरंजी टाकली. शेजारचे चारजण बसले.

मॅडमनी माझं ते पान काढलं अन् आधी अपेक्षाच्या हातात दिलं. ती वाचत बसली. चार ओळी, पण तिला केवढा वेळ लागला! तिचं तोंड पांढरं पडलं. मॅडमनी विचारलं, "अक्षर ओळखीचं आहे का?" ती म्हणाली, "न्हाई." पान घडी करून परत दिलं.

शेजाऱ्यांनी सांगितलं, बाई इथंच राहती, रोज दिसती. मग मॅडम माझ्याकडं वळल्या. "तुम्ही मोठ्या जाऊ ना? तुमचाही अर्ज होता. तुम्हाला लिहिता येतं, हा घ्या कागद, तुमचा जबाब तुमच्या हातानं लिहून द्या." पेन पुढं केलं.

मी हात पुढं केला तेवढ्यात अपेक्षा मधेच बोलली. "मॅडम, ताईंचा हात पोळलाय सकाळी, भाकरी करताना. त्यायला लिहिता यायचं न्हाई. त्या सांगतील, तुमीच लिहून घ्या."

बोट जरासं लाल झालं होतं, एवढंच. तेवढ्यानं कुणाचं लिहिणं अडतं का? पण मॅडमनी कागद स्वतःकडं ओढला. "सांगा मग." सगळे माझ्या तोंडाकडं बघायले. मी म्हणाले, "ती इथंच राहती." माझ्या तोंडून तेच निघालं. सही घेतली, मॅडम चहा पिऊन गेल्या.

रागानं अंग पेटलंय माझं. बारावी झालेली बाई मी, चारचौघांत मला अडाण्यासारखं बसवलं! मॅडमपुढं मलाही लिहिता येतं हे दिसू द्यायचं नव्हतं तिला. नंबर लागला तरी पोट भरलं नाही.

ती नंतर मागच्या अंगणात बराच वेळ उभी होती. मी गेले नाही.

१० ऑक्टोबर

तिला हुकूम आला. आत्याबाईंनी पेढे वाटले. मला पेढा दिला अपेक्षानंच. मी घेतला, बैलाच्या दावणीत टाकला.

२९ ऑक्टोबर

टोळी चार दिवसांत निघणार.

अपेक्षा चुलीजवळ येऊन बसली. म्हणाली, "ताई, राजेश्रीला ठेवा इथं. सातवीचं वर्ष हाय. मी बघते तिच्याकडं."

मला 'नाही' म्हणायचं होतं. जागा घेतलीस, आता पोरगी पण घे, हे तोंडावर आलं होतं. पण राजेश्री दाराआड उभी होती अन् तिनं श्वास धरला होता, ते मला इथून कळत होतं.

"ठेव," म्हणाले.

पोरगी पळत आली अन् काकूच्या गळ्यात पडली. आधी काकूच्या. मग माझ्या.

२१ नोव्हेंबर, फड

तीन आठवड्यांनी वही उघडली. थंडी लय. पहाटे उसाच्या पाल्यावर दव असतं, हात कापतात अन् त्यावर ते पाणी झोंबतं.

दरवर्षी मी इथं टोळीची लेकरं जमवून बसायची. दुपारी तासभर, बाराखडी, पाढे. यंदा दोघी-तिघी आल्या. "ज्ञानेश्वरीबाई, पोरायला बसवा की." मी सांगितलं, ज्यायला पगार मिळतो त्यायच्याकडं धाडा. त्या हसल्या. मी हसले नाही. पोरं ट्रॅक्टरच्या मागं धावत फिरतात. एकाचा पाय काल चाकाखाली येता येता वाचला. मी तोंड फिरवून मोळी बांधली.

राजेश्रीचा फोन. काकूनं असं केलं, काकूनं तसं आणलं, काकूला आता गावात सगळे 'मॅडम' म्हणतात. मी म्हणाले, रेंज नाही. रेंज होती.

११ डिसेंबर

आज पस्तीस पूर्ण झाली. कुणाला ठाऊक नाही. दिवसभर मोळ्या मोजल्या.

१५ जानेवारी

आत्याबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन उद्या परभणीला आहे. मुकादमाकडून तीन दिवसांची सुट्टी मागून मी एकटी गावाकडं निघाले. अपेक्षाला रजा नाही म्हणे. ती नोकरीवाली, म्हणून फडातून मी यायचं. एसटीत बसून हे लिहायलेय. गाडी हलती.

१७ जानेवारी

ऑपरेशन काल झालं. आज सकाळी आत्याबाईंना घरी आणून झोपवलं, डोळ्याला पट्टी आहे. घराची किल्ली अपेक्षानं शेजारणीकडं ठेवली होती, ती परत द्यायला म्हणून अंगणवाडीत गेले. खरं तर बघायला गेले. तिला काम जमत नसेल असं वाटत होतं, तसं दिसलं तर बरं वाटलं असतं.

आत सतरा लेकरं. दोन रडायलेली, एकानं पाटी फोडलेली. मदतनीस बाई खिचडी हलवायली होती. म्हणाली, "मॅडम मळ्यातल्या बाळंतिणीकडं गेल्यात, लेकराचं वजन घ्यायला. येतीलच." अपेक्षाचा मोबाइल खिडकीत चार्जिंगला लावलेला होता अन् सारखा वाजायला होता. लेकरं दचकायली म्हणून मी उचलला. मला ते हिरवं बटन तेवढं कळतं.

तोंड दिसायच्या आधीच हरिओमचा आवाज आला. "कुठं मेली होतीस? किती येळ झाला लावायलोय! फिरव फोन. फिरव म्हनलं ना! कोन हाय तिथं? कोन्या बापाला भेटायला गेल्तीस?"

मी फोन तोंडासमोर धरला.

त्यानं मला बघितलं. मग एकदम वेगळ्या आवाजात म्हणाला, "वहिनी? तुमी कवा आलात?"

या दिराचे कपडे मी धुतलेत, याला खाऊ घातलंय. लग्न करून आले तेव्हा हा सहावीत होता. कोयत्याच्या पैशावर शिकला. माझ्याशी असा आवाज त्यानं कधीच काढला नाही, म्हणून मला तो माहीतच नव्हता.

मी म्हणाले, "भाऊजी, ती कामावर हाय. सरकारी कामाच्या टायमाला फोन करायचा न्हाई. संध्याकाळी करा, अन् करताल तवा मी शेजारी बसलेली असंन."

फोन ठेवला. लेकरांच्या चटईवरच बसले. ओसरी दाखव, दार दाखव, शेजारी कोण आहे दाखव. ओल्या केसांनी पळत यायची ती. मी तेव्हा काय काय लिहून ठेवलं होतं ते आठवलं.

अपेक्षा आली. वजनकाटा खांद्याला. मला बघून थबकली, मग खिडकीतल्या फोनकडं बघितलं.

"मी उचलला," मी म्हणाले. "ऐकलं सगळं."

तिनं काटा भिंतीला टेकवला, दोन्ही रडणाऱ्या लेकरांना जवळ घेतलं. मला थांबवेना. मदतनीस बाई मागं पाणी आणायला गेली तेवढ्यात बोलून टाकलं. "ती हरकत मी लिहिली होती."

"म्हाईत हाय."

"कवापासून?"

"वाचली तवापासूनच. घरात वाण्याची यादी कोन लिहितं, ताई? तिरकं काढलं म्हणून काय झालं."

मी माझ्या हाताकडं बघत बसले. चौकशीच्या दिवशी हा हात तिनं पोळलेला ठरवला होता. आज तिथं काहीच खूण नाही.

ती लेकराचं नाक पुसत म्हणाली, "मलाबी एक सांगायचंय. आत्याबाईनं अर्ज भर म्हणलं न्हवतं. मी त्यायच्या पाया पडले, तुमीच सांगितलं म्हणा म्हणून. तुमचा अर्ज सकाळी भरला अन् दुपारी मपला. तुमाला ही जागा किती पायजे ते मला दिसत होतं. तरी भरला."

"कामून?"

"पुण्याला ते कामावर जाताना भाईरून कुलूप लावायचे. बारा-बारा तास. होळीला आले ती कशी आले ते मलाच म्हाईत. हे काम लागलं म्हणून मला कुनी चल म्हणू शकत न्हाई. न्हाईतर गेले असते मी परत, नेलंच असतं."

माझ्या त्या चार ओळींनी हे काम गेलं असतं तर ती आज कुठं असती, हे मला तिथं बसल्या बसल्या कळलं. बोलायला तोंड उघडलं. शेवटी जे निघालं ते भलतंच. "मला अजूनबी तुजा हेवा वाटतो. त्या खुर्चीचा. हे लेकरं 'बाई' म्हणतेत त्याचा. आता बी वाटायलाय."

"वाटू द्या," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण हातानं ताटं काढायली होती. "आधी वाढा. खिचडी थंड व्हायली."

मी वाढली. सतरा ताटं. एका बारक्या पोरीनं माझा पदर ओढून विचारलं, "तू नवी बाई हाईस का?" मी म्हणाले, "न्हाई. नव्या बाईची जाऊ हाय."

संध्याकाळी त्याचा फोन आला. मी शेजारी बसले. तीन मिनिटांत त्यानं ठेवला.

२० जानेवारी, फड

परत आले. दुपारी भाकर खाताना वैजीनाथांना सगळं सांगितलं, माझी हरकतसुद्धा. त्यांनी खाणं थांबवलं नाही. हरकतीचं ऐकून एवढंच म्हणाले, "लय वंगाळ केलंस." मग कुलपाचं सांगितलं. तेव्हा हातातला घास ताटात ठेवला.

मी म्हणाले, "तुमचा भाऊ हाय. माझं बोलून झालं. आता तुमी बोला."

"मी काय बोलू? आपल्याला बोलता येत न्हाई."

"मला सोळा वर्षं म्हाईत हाय ते. तरी बोला."

ते उठले. बैलगाडीच्या पलीकडं, जिथं रेंज येते तिथं जाऊन उभे राहिले. बराच वेळ नुसता फोन हातात धरून उभे. मग लावला. आधी काही ऐकू आलं नाही. नंतर त्यांचा आवाज चढला, एवढा की फडातली माणसं कोयता थांबवून वळून बघायली. सोळा वर्षांत मी त्यांना असं ओरडताना ऐकलं नव्हतं. 'माणूस' हा शब्द दोनदा ऐकू आला, अन् 'मी येऊन तिला माहेरी देवगावला पोचवीन' हे एवढं.

परत आले तेव्हा कान लाल झाले होते. काय बोलणं झालं ते सांगितलं नाही. राहिलेली अर्धी भाकर उभ्याउभ्याच खाल्ली, पाणी प्याले. मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तू जेवलीस का?"

"जेवते," म्हणाले.

ट्रॅक्टरमागून पोरांचा कालवा येत होता. भाकर संपवून मी तिकडं गेले अन् त्यातल्या सगळ्यात मोठ्या पोराला म्हणाले, "पाटी न्हाई का तुझ्याकडं? बरं, मातीत काढ. बस."